पगार थकला आणि किल्ला गेला

पोलंडच्या उत्तरेला, नोगात नदीच्या काठावर माल्बोर्क नावाचं गाव आहे. तिथल्या लाल विटांच्या अवाढव्य किल्ल्यात एक दालन आहे. त्याचं सगळं छत मधोमध उभ्या असलेल्या एकाच दगडी खांबावर तोललेलं आहे. चुलाण्याच्या वरच्या भिंतीत रुतलेला एक दगडी तोफगोळा तिथे पाहुण्यांना दाखवतात. १४१० साली पोलिश फौजेनं किल्ल्याला वेढा घातला होता. आत खलबत चालू असताना नेमका तो खांब उडवायचा आणि छत सगळ्यांच्या डोक्यावर आणायचं, असा बेत होता म्हणे, पण नेम चुकला. ही दंतकथा असेल. वेढा मात्र खरा होता, आणि दोन महिन्यांनी तो हात हलवत उठवावा लागला हेही खरं.

पुढे ४७ वर्षांनी, जून १४५७ मध्ये, पोलंडचा राजा काझिमिएश चौथा त्याच किल्ल्यात सरळ दरवाजातून शिरला. त्यानं किल्ला विकत घेतला होता. विकणारे कोण? किल्ल्याच्या रक्षणासाठी पगारावर ठेवलेले सैनिक.

अशी गोष्ट ऐकली की आपल्या तोंडात पहिला शब्द येतो तो फितुरी. ‘भाडोत्री’ या शब्दालाच मराठीत एक वास आहे, भाडोत्री गुंड, भाडोत्री साक्षीदार वगैरे. पण मारिएनबुर्गची (माल्बोर्कचं तेव्हाचं जर्मन नाव) हकिकत नीट लावून पाहिली तर ती फितुरीपेक्षा कर्जवसुलीच्या फायलीसारखी जास्त दिसते. तारण, मुदत, थकबाकी, ताबा, विक्री, सगळं त्याच क्रमानं येतं. मध्ययुगाच्या शेवटी शहरं आणि किल्ले पगारी सैनिकांच्या भरवशावर कसे राखले जात, ते समजून घ्यायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. प्रशियावर, म्हणजे माल्बोर्कच्या भोवतालच्या बाल्टिक किनाऱ्यालगतच्या मुलखावर, तेव्हा ट्यूटॉनिक ऑर्डरचं राज्य होतं. हे जर्मन भाषा बोलणारे लढवय्ये संन्यासी. ब्रह्मचर्याची शपथ, पांढऱ्या झग्यावर काळा क्रूस आणि हातात तलवार. १३०९ पासून त्यांच्या प्रमुखाचं, म्हणजे ग्रँडमास्टरचं ठाणं मारिएनबुर्गला होतं. १४१० ला ग्रुनवाल्डच्या लढाईत पोलंड आणि लिथुएनियानं त्यांचा कणा मोडला. पुढच्या वर्षीच्या तहात १ लाख कोपा प्राग ग्रोशेन भरायची पाळी आली. कोपा म्हणजे ६० नाणी, तेव्हा एकूण ६० लाख चांदीची नाणी. हा बोजा अखेर रयतेवर आणि शहरांवर पडला. डान्झिग (आजचं ग्दान्स्क), टोरून, एल्बिंग ही तिथली श्रीमंत व्यापारी शहरं. कर द्यायचा पण कारभारात विचारणार कोणी नाही, याला ती विटली होती. १४४० मध्ये शहरांनी आणि तिथल्या जमीनदारांनी मिळून प्रशियन संघ काढला. फेब्रुवारी १४५४ मध्ये या संघानं ऑर्डरची सत्ता झुगारली आणि पोलंडच्या राजाला बोलावलं. काही आठवड्यांतच बहुतेक किल्ले ऑर्डरच्या हातून गेले. मारिएनबुर्ग उरलं, तेही वेढ्यात. तेरा वर्षं चालणाऱ्या युद्धाची ही सुरुवात होती.

आता ऑर्डरची अडचण बघा. स्वतःचे सरदार मूठभर. कर देणारी शहरं शत्रूकडे. म्हणजे सैनिक भाड्यानं आणण्यावाचून गत्यंतर नाही, आणि ते आणायला लागणारा पैसा ज्या शहरांतून यायचा तीच बंड करून उठलेली. अख्ख्या गोष्टीचं मूळ या एका पेचात आहे.

कोणी विचारेल, शहराच्या रक्षणाला पगारी माणसं हवीतच कशाला? तट होते, बुरूज होते, नागरिक होते. नागरिक लढतही. त्या काळच्या युरोपातल्या शहरांत तटबंदी कारागिरांच्या संघांमध्ये वाटून दिलेली असे. या वेशीपासून त्या बुरुजापर्यंत खाटीक, पुढे चांभार, त्यापुढे पिंपं बनवणारे, असं. प्रत्येकानं घरात शस्त्र ठेवायचं, घंटा झाली की आपल्या जागी धावायचं. एका रात्रीच्या हल्ल्याला ही व्यवस्था उत्तम. पण वेढा चार-चार महिने चालतो. चांभार चार महिने बुरुजावर उभा राहिला तर घरी खायचं काय? शिवाय तटावरून दगड टाकणं वेगळं आणि वेशीबाहेर पडून घोडेस्वारांना सामोरं जाणं वेगळं. तोफ डागणं तर तेव्हा जवळजवळ गुप्त विद्याच होती. दारू किती भरायची हे चुकलं तर शत्रूच्या आधी आपलाच गोलंदाज उडायचा. म्हणून शहरं शांततेच्या काळात थोडे आणि युद्ध आलं की पुष्कळ पगारी लोक ठेवत.

असे लोक मिळायची मोठी पेठ होती बोहेमिया, मोराव्हिया आणि सिलेसिया, म्हणजे आजचा चेक प्रदेश आणि त्याला लागून असलेला, आज मुख्यतः पोलंडमध्ये असलेला पट्टा. १४१९ ते १४३४ पर्यंत तिथे हुसाइट युद्धं, म्हणजे धर्मसुधारक यान हुसच्या अनुयायांची युद्धं, चालली. त्यात एक अख्खी पिढी लढाई हाच धंदा शिकून मोठी झाली. गाड्यांचा कोट उभा करून त्यामागून तोफा आणि हातबंदुका चालवण्याचं त्यांचं तंत्र सगळ्या मध्य युरोपानं उचललं. आज लष्करी बातम्यांत आपण ‘हॉवित्झर’ ऐकतो तो शब्द चेक ‘हौफ्नित्से’वरून आला. युद्ध संपलं, कौशल्य उरलं, आणि ते शेजारच्या राजांना विकायला निघालं. ‘सोल्जर’ या शब्दाच्या पोटातही लढाई नसून पगारच आहे. जुन्या युरोपीय भाषांत ‘सोल्ड’ म्हणजे वेतन, ते घेणारा तो सोल्जर.

ही माणसं एकेकटी येत नसत. एक कप्तान आपली टोळी बांधून आणे आणि करार त्याच्याशी होई. स्वारांचा हिशेब माणसांत नसून घोड्यांत. कप्तान म्हणणार, मी इतक्या घोड्यांनिशी येतो. घोडं, चिलखत, हत्यार ज्याचं त्याचं, म्हणजे आपल्या भाषेत सगळे शिलेदार. निघायच्या आधी काही रक्कम हातात पडायची. मराठी दफ्तरांत हिला नालबंदी म्हणत, कारण मोहिमेआधी घोड्याला नाल ठोकण्यापासून खर्च सुरू होतो. मग ठरलेल्या काळानं पगार. लढाईत घोडं मेलं तर भरपाई, हाही कराराचा महत्त्वाचा भाग. तो नसता तर कोणी आपलं घोडं भाल्यांपुढे घातलंच नसतं. घोडं म्हणजे त्या माणसाचं भांडवल होतं.

कप्तान हा खरं तर आपल्या ऊसतोडीच्या मुकादमासारखा. वरून उचल घ्यायची, खाली वाटायची, आणि वरून पैसा आला नाही तर खालच्यांच्या शिव्या खायच्या. शिव्यांवर भागलं तर नशीब, कारण इथे खालच्यांकडे कोयत्याऐवजी आडधनुष्यं होती. ग्रँडमास्टरनं पगार थकवला की पहिलं संकट कप्तानावर यायचं. हा मधला माणूस ध्यानात राहू द्या. पुढे जे झालं ते त्याच्या जागेवर उभं राहून पाहिलं तरच कळतं.

ऑर्डरला पैसा उभा करण्यासाठी काय काय करावं लागलं? न्यूमार्क नावाचा अख्खा प्रदेश १४५४ मध्ये ब्रांडेनबुर्गच्या इलेक्टरकडे, म्हणजे तिथल्या राज्यकर्त्याकडे, गहाण पडला आणि पुढच्या वर्षी विकला गेला. त्या जोरावर मोठी भाडोत्री फौज आली. १८ सप्टेंबर १४५४ रोजी कोनिट्झ शहरापाशी तिनं पोलिश राजाला गाठलं. राजाकडे संख्या भरपूर होती, पण ते होते घरून बोलावलेले जमीनदार. समोरच्यांचा पोटाचा धंदाच लढाई. त्यातच वेढ्यातल्या शहरातून शिबंदी बाहेर पडली आणि तिनं पोलिश सैन्याच्या पाठीवर हल्ला चढवला. राजा कसाबसा निसटला. मारिएनबुर्गचाही वेढा उठला. पगारी सैनिकांनी दोन ठिकाणं एका दिवसाच्या लढाईत सोडवली. त्यांच्या बाजूनं सौदा पूर्ण झाला होता.

आता ऑर्डरची पाळी होती, आणि तिजोरी रिकामी. ऑक्टोबर १४५४ मध्ये ग्रँडमास्टर लुडविग फॉन एर्लिखशाउझेननं कप्तानांना एक लेखी वचन दिलं. पुढच्या फेब्रुवारीपर्यंत तुमचा पगार चुकता करतो. नाही केला तर मारिएनबुर्गसकट आमचे किल्ले आणि शहरं तुमच्या ताब्यात, आणि त्यांचं पुढे काय करायचं ते तुम्ही ठरवा.

पायाखालची जमीन गहाण टाकणारं हे वचन भाबडेपणानं दिलेलं नव्हतं. दोन-तीन महिन्यांत लढाई जिंकू, शहरं शरण येतील, कर सुरू होतील, पगार फिटेल, असा हिशेब होता. पीक येईलच या भरवशावर सावकाराकडे जमीन ठेवावी तसा. पीक आलं नाही. युद्ध रेंगाळलं, फेब्रुवारी उलटला, पैसे फिटले नाहीत. कप्तानांनी वचनाप्रमाणे ताबा घेतला. ग्रँडमास्टर राहत होता आपल्याच किल्ल्यात, पण किल्ल्या दुसऱ्यांच्या कमरेला.

यापुढचा भाग मला सगळ्यात रंजक वाटतो. पगार मिळत नव्हता तर हे लोक सोडून का गेले नाहीत? उलट ते आणखी दोन वर्षं तिथे का बसले?

कारण बाकी. गेलो तर मागची थकबाकी बुडाली. राहिलो तर निदान हक्क शाबूत. पण राहिलो म्हणजे आणखी एका महिन्याचा पगार चढला. बाजू उलटून बघा, मालकालाही त्यांना काढता येत नव्हतं. काढायचं म्हणजे हिशेब चुकता करायचा, आणि तेवढे पैसे असते तर प्रश्नच कशाला आला असता? म्हणजे ज्याला पगार देता येत नाही तोच नोकर काढून टाकता येत नाही. खेरीज तो नोकर सशस्त्र, आणि तो राहतो तुमच्या घराच्या सगळ्यात मजबूत भागात. रक्कम रोज फुगते आणि ती फेडायची ऐपत रोज घटते, कारण हीच उपाशी शिबंदी आसपासच्या गावांतून धान्य, गुरं, जे मिळेल ते उचलते, आणि त्या गावांकडून मग कर येत नाही. लुटीला लोक स्वभाव म्हणतात. इथे ती जमाखर्चाची एक बाजू होती.

पलीकडच्या गोटात फार वेगळं चित्र नव्हतं. कोनिट्झला हात पोळल्यावर पोलंडच्या राजानंही भाडोत्री ठेवायला सुरुवात केली, तेही बरेचसे त्याच चेक आणि सिलेसियन पेठेतले. त्यांचाही पगार थकला. ते पैसे उभे करण्यासाठी प्रशियन शहरांवर इतके कर बसले की ज्या शहरांनी कराच्या जाचापायी बंड केलं त्यांच्याच पोटात बंडं उठली. क्योनिग्सबर्ग तेव्हा एकमेकांना लागून असलेल्या तीन शहरांचं होतं, त्यातली दोन १४५५ मध्ये परत ऑर्डरकडे वळली. १४५६ मध्ये खुद्द डान्झिगमध्ये मार्टिन कॉग्गे नावाच्या व्यापाऱ्याच्या मागे लोक नगरपरिषदेवर चालून गेले. दोन्हीकडे एकच रोग. फरक इतकाच की डान्झिगच्या बंदरात जहाजं येत होती. धान्य, लाकूड, मीठ यांचा व्यापार चालू होता. एका बाजूला पैसा येण्याची वाट होती, दुसऱ्या बाजूला नव्हती.

मारिएनबुर्गच्या शिबंदीत आता दोन तट पडले होते. एकाचा म्होरक्या उलरिख चेर्वोन्का हा चेक सरदार. त्याचं म्हणणं, तारण आमच्या हातात आहे, कर्जदार बुडाला आहे, गिऱ्हाईक दारात उभं आहे, विकून मोकळे होऊ. दुसरीकडे बर्नहार्ड फॉन झिनेनबर्ग. हा मोरावियाचा, कोनिट्झच्या विजयाचा सेनापती. त्याला विक्री मान्य नव्हती. म्हणजे ‘भाडोत्री’ ही एकच जात नव्हती. तीच पेठ, तोच पगार, तीच थकबाकी, आणि दोन माणसांनी दोन निर्णय घेतले.

१४५६ च्या उन्हाळ्यात चेर्वोन्काचा सौदा ठरला. मारिएनबुर्ग आणि ताब्यातली आणखी काही ठाणी यांची किंमत १ लाख ९० हजार हंगेरियन गुल्डेन. एका नाण्यात साधारण साडेतीन ग्रॅम सोनं धरा, म्हणजे साडेसहाशे किलोच्या वर सोनं झालं. राजाकडे एवढी रक्कम एकगठ्ठा कुठून असणार? हप्ते पडले. डान्झिगनं त्यातला फार मोठा वाटा उचलला. त्याचा मोबदलाही चोख घेतला. १४५७ मध्ये राजानं शहराला व्यापाराच्या आणि कारभाराच्या भरघोस सवलती दिल्या आणि शहराच्या चिन्हावर राजमुकुट लावायची परवानगी दिली. आजही ग्दान्स्कच्या चिन्हात दोन क्रुसांच्या वर तो सोनेरी मुकुट दिसतो. तो मुकुट म्हणजे थोडक्यात किल्ला खरेदीची पावती.

हप्ते पुरे व्हायला आणखी बरेच महिने लागले. तोवर शिबंदीनं किल्ला धरून ठेवला होता, पण कोणासाठी, हे सांगणं अवघड होत चाललं होतं. जून १४५७ मध्ये राजा आत आला. ग्रँडमास्टर कोनिट्झकडे आणि तिथून पुढे क्योनिग्सबर्गला गेला. ऑर्डरची राजधानी कायमची हलली. चेर्वोन्काला राजानं त्याच किल्ल्याचा किल्लेदार नेमलं. वसुलीला आलेला माणूस त्याच दुकानाचा मॅनेजर व्हावा तसं.

गोष्ट इथे संपली असती. पण किल्ल्याला लागून मारिएनबुर्ग नावाचं शहर होतं, त्याचा तट वेगळा, वेशी वेगळ्या, नगरपरिषद वेगळी. आणि शहर कोणी विकलेलं नसलं तरी किल्ल्याबरोबर तेही नव्या मालकाकडे गेलं होतं. महापौर बार्थोलोमेउस ब्लूमेला हे पटलेलं नव्हतं. सप्टेंबर १४५७ च्या अखेरीस झिनेनबर्ग आपली माणसं घेऊन आला आणि ब्लूमेनं वेस उघडली. शहर पुन्हा ऑर्डरचं झालं. किल्ला मात्र चेर्वोन्काकडेच राहिला.

नकाशा डोळ्यांपुढे आणा. एका बाजूला नोगात नदी. तिच्या काठाला खेटून उत्तरेला किल्ला, दक्षिणेला शहर, मध्ये खंदक आणि तट. आता किल्ल्यात पोलंडच्या राजाचे पगारी सैनिक, शहरात ऑर्डरचे पगारी सैनिक आणि नागरिक. पिढ्यानपिढ्या ज्या किल्ल्याच्या सावलीत शहर निर्धास्त झोपलं त्याच किल्ल्याच्या तोफा आता घरांच्या छपरांवर रोखलेल्या. अशी जवळजवळ तीन वर्षं गेली. अधूनमधून युद्धविराम होई, मग पुन्हा सुरू.

इथे पगारी सैनिक आणि गावकरी यांच्या नात्याची दुसरी बाजू दिसते. शहरात आलेली शिबंदी कोणाच्या तरी घरात राहते, कोणाचं तरी धान्य खाते. वेढा लांबला की त्याच कोठारावर बायकापोरं आणि परके सैनिक दोघांचा डोळा. असं असूनही मारिएनबुर्गकर टिकले, कारण या वेळी हरल्यावर काय होईल ते दोघांनाही दिसत होतं. पण त्यात एक भेद होता, आणि तो मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत कडवट भाग वाटतो. पगारी सैनिक हरला तर पकडला जातो, खंडणी भरतो किंवा शस्त्र टाकून निघून जातो. त्याच्या दृष्टीनं तो एक बुडालेला करार. नागरिक हरला तर तो बंडखोर ठरतो. त्याला जायला दुसरं गाव नसतं.

१४६० मध्ये पोलिश बाजूनं शहराला पक्का वेढा पडला. रसद तुटली. ऑगस्टच्या सुरुवातीला शहर शरण आलं. काही दिवसांतच ब्लूमेला ठार मारण्यात आलं.

युद्ध आणखी सहा वर्षं चाललं, आणि ते जवळपास सगळं भाडोत्र्यांचंच होतं. १७ सप्टेंबर १४६२ ला श्वेचिनोपाशी पिओत्र दूनिनच्या हाताखालच्या पोलिश बाजूनं ऑर्डरचा निर्णायक पराभव केला, तेव्हा दोन्हीकडे मिळून फार तर चार-पाच हजार माणसं होती. पण ती कसलेली, मुख्यतः पगारी. कोनिट्झला गर्दीनं जे जमलं नाही ते इथे थोड्यांनी केलं. १९ ऑक्टोबर १४६६ ला टोरूनमध्ये तह झाला. मारिएनबुर्ग, डान्झिग, एल्बिंग सगळं पोलंडच्या राजाकडे, उरलेली पूर्व प्रशिया ऑर्डरकडे आणि तीही राजाच्या वर्चस्वाखाली.

आणि थकबाकी? ती तहानं संपत नाही. झिनेनबर्ग, ज्यानं किल्ला विकायला नकार दिला, त्यानंही हातातलं तारण सोडलं नाही. तहात कुल्म शहर पोलंडला गेलं असलं तरी प्रत्यक्षात ते त्याच्याच ताब्यात राहिलं. एकनिष्ठा आपल्या जागी, हिशेब आपल्या जागी.

ऑर्डरकडे बाकीच्या कप्तानांना द्यायला रोकड नव्हतीच. म्हणून तिनं जमीन दिली. पगारापोटी गावं, जंगलं, तळी, गिरण्या लिहून दिल्या. श्लीबेन, ऑयलेनबुर्ग, डोना ही घराणी अशीच प्रशियात रुजली. भाड्यानं लढायला आलेले लोक तिथले जमीनदार झाले, पुढे तिथले मंत्री आणि सेनापतीही. डोनांचा श्लोबिटेनचा वाडा जानेवारी १९४५ मध्ये रशियन फौजा येईपर्यंत नांदता होता. मग घराण्याचा कर्ता पुरुष गावकऱ्यांचा तांडा आणि घोडी बरोबर घेऊन गोठलेल्या रस्त्यानं पश्चिमेकडे निघाला.